करमणुकीचा धोका

नगरमध्ये दोन गोष्टी कधी जातील याचा नेम नसतो. एक लाइट आणि दुसरी माणसं. त्यातली लाइट निदान परत येते.

हे वाक्य माझं नाही, आमच्या ऑफिसातल्या कॅशियरचं आहे. तो अस्सल नगरी, माळीवाड्यातला. मी नोकरीसाठी इथं आलो आणि बदलीचे अर्ज करता करता इथलाच झालो. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं हे मला ठाऊक आहे. पण एस. टी. स्टँडवर अजून 'नगर, नगर' हाच पुकारा होतो आणि सवयीनं माझ्याही लेखणीतून तेच उतरतं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आमच्याच जिल्ह्यातलं. घरच्या माणसाची चूक म्हणून त्या सांभाळून घेतील.)

कॅशियरची आठवण निघायला कारण झाला आमचा नातू. दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्याहून आला आणि चिवडा खाता खाता त्यानं माझा लॅपटॉप ओढून घेतला. या लॅपटॉपवर मी दोनच कामं करतो. पेन्शन जमा झाली का ते पाहतो, आणि झाली नसेल तर पेपर वाचतो. दोन्ही कामं ब्राउझरमध्ये. ब्राउझर म्हणजे जगाकडे बघायची खिडकी, एवढीच माझी समजूत. तर त्या खिडकीत, सकाळी जिथं पेन्शनचा आकडा होता अगदी तिथंच, पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस वरून धपकन पडला आणि त्याच्यामागे लोखंडी दार आपटून बंद झालं.

"आजोबा, काय झालं? डोळ्यांत तिखट गेलं का?" नातवानं विचारलं.

मी 'हो' म्हणालो. चिवडा तिखट होता ही माझी बाजू आमच्या हिनं अजून मान्य केलेली नाही.

तो पांढऱ्या कपड्यांतला माणूस म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. माझी आणि त्याची ओळख १९९३ सालची. त्या वर्षी आमच्या ऑफिसात पहिला संगणक आला. त्याला वातानुकूलित खोली मिळाली. साहेबांना तेव्हा नुसता पंखा होता. खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि काही मंडळी आत शिरताना हातही जोडत. त्याला हात लावायची परवानगी दोघांनाच होती. कॅशियरला, कारण तो आकडेमोडीत पक्का होता. आणि मला, कारण माझं अक्षर कुणाला वाचता येत नसे. कॅशियरनं मेहुण्याकडून एक मोठी लवचीक फ्लॉपी आणली आणि ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं 'बॅकलॉग' काढायला थांबू लागलो.

त्या खेळातला वजीर राजकन्येला कोंडतो आणि तिला विचार करायला एक तास देतो. त्या एका तासात राजपुत्रानं तळघरातून वाट काढत, खड्डे, सुळे आणि पहारेकरी चुकवत तिला सोडवायचं. साठ मिनिटं! सलग! नगरमध्ये! वजिराशी आम्ही लढलो असतो हो, पण लाइटशी कोण लढणार? आम्ही पाचव्या-सहाव्या मजल्यावर पोचायचो की अंधार. खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय त्यात होती, हे आम्हांला वर्षभरानं कळलं. कळलं त्या दिवशी नेमके ऑडिटर आले होते.

एकदाच, १९९४ साली, आम्ही बाराव्या मजल्यावर पोचलो. तिथं राजपुत्रासमोर त्याचीच सावली तलवार घेऊन उभी राहते. आपण तिच्यावर वार केला की जखम आपल्यालाच होते. दोनदा मेलो. तिसऱ्यांदा कॅशियर म्हणाला, "आपलीच सावली आहे ना? मग तलवार म्यान करून बघू या का?"

आणि लाइट गेली. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली.

आता हे सगळं मी नातवाला रंगवून सांगत असताना आमच्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर चहाला आले. ते रोज येतात आणि रोज कशावर तरी आक्षेप घेतात. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी तीन आरोप ठेवले. पहिला, असले तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ उकरून काढणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. दुसरा, ही चोरी आहे. तिसरा, "आणि या वयात?"

तिसऱ्या आरोपाला माझ्यापाशी उत्तर नाही. म्हणून पहिल्या दोहोंचा समाचार घेतो. आणि हेडमास्तर हे निमित्त आहेत. असं म्हणणारी माणसं त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या खुर्च्यांवर बसलेली आहेत, हेही पुढं येईलच.

आधी ही कढी ऊतते कशी ते सांगतो. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी यायचा. फौजदाराचा वेष करून आजोबांच्या नावानं वॉरंट वाचायचा; आणि गंमत म्हणजे खरा फौजदार समजून आजोबा खरोखरच उत्तरं द्यायचे. ब्राउझरमध्ये हेच चालतं. जुना खेळ जुन्या यंत्राच्या भाषेत लिहिलेला असतो. हा आकडा त्या कप्प्यात ठेव, तिथं पांढरा ठिपका काढ, असे तो भराभर हुकूम सोडतो. ते यंत्र तर कधीच भंगारात गेलेलं. मग एक बहुरूपी प्रोग्रॅम त्या यंत्राचं सोंग घेऊन पुढं उभा राहतो, एकेक हुकूम झेलतो आणि आजच्या यंत्राकडून ती कामं करून घेतो. खेळाला वाटतं, अजून १९९० साल चालू आहे. या बहुरूप्याला 'एम्युलेटर' म्हणतात. डॉसच्या खेळांसाठी 'डॉसबॉक्स' नावाचा बहुरूपी २००२ सालापासून आहे. पण त्याला घरात आणून बसवायचं, त्याचं मानपान करायचं, हे माझ्यासारख्याला जमणारं नव्हतं. पुढं मोझिलातल्या मंडळींनी 'एमस्क्रिप्टन' नावाचा दुभाषा तयार केला. अख्खाच्या अख्खा बहुरूपी ब्राउझरला समजेल अशा भाषेत उतरवण्याचं काम तो करतो. त्यामुळे आता बहुरूपी खिडकीतूनच आत येतो. दार उघडावं लागत नाही.

अमेरिकेतल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेनं २०१३ च्या डिसेंबरात टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्रांचे खेळ असे ब्राउझरमध्ये आणले, आणि २०१५ च्या जानेवारीत डॉसचे दोन हजारांवर खेळ एकदम खुले केले. त्यात आमचा राजपुत्रही होता. २०१७ साली 'वेबअसेंब्ली' सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली आणि सोंगं आणखी चपळ झाली. २०२० च्या अखेरीस 'फ्लॅश' बंद पडलं, तेव्हा त्यावरचे हजारो छोटे खेळ एका रात्रीत पोरके झाले. त्यांच्यासाठी 'रफल' नावाचा आणखी एक बहुरूपी धावून आला. आणि यातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट अशी, की असा खेळ एकदा उघडला की तो आपल्याच यंत्रात उतरतो. मग त्याला कुणाच्या परवानगीची, दूरच्या तारेची गरज उरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी कामाला येणार आहे.

"पण एवढा खटाटोप कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "ज्याला हवं त्यानं दुकानातून विकत घ्यावं."

दुकानातून! २०२३ साली 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेनं पाहणी केली. २०१० सालापूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा कुठल्याच दुकानात विकत मिळत नव्हते. शंभरातले तेराच मिळत होते. आणि ही अमेरिकेतली दुकानं झाली. आमच्या चितळे रोडवर डॉसचा प्रिन्स मागून पाहा. दुकानदार तुम्हांला पाणी विचारेल आणि बसायला खुर्ची देईल.

आणि मालकानं तरी जपून ठेवलं असेल म्हणावं, तर तेही नाही. प्रिन्स लिहिला जॉर्डन मेकनर या एकट्या तरुणानं. त्याचा धाकटा भाऊ पांढरे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर धावला, उड्या मारल्या, लोंबकळला. त्या चित्रणावरून यानं राजपुत्राची चाल एकेक चित्र करून उतरवली. १९८९ साली ॲपलच्या यंत्रावर खेळ निघाला. आणि त्याची मूळ संहिता? हरवली! पुष्कळ वर्षं खुद्द कर्त्याला सापडत नव्हती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या खोक्यात जुन्या डिस्का सापडल्या. मग जुन्या यंत्रांचे जाणकार गोळा करून त्यांनी त्या वाचल्या. म्हणजे जगभर गाजलेला खेळ एका म्हाताऱ्या माणसाच्या आवराआवरीवर तगून होता. दिवाळीच्या साफसफाईला आमची ही तिथं असती तर ते खोकं कधीच रद्दीत गेलं असतं.

मुद्दा असा की, वस्तू टिकते ती कुलपात ठेवून नव्हे, नकला होऊन. हे मला कुणा अमेरिकनानं शिकवायला नको. आमच्याच जिल्ह्यातलं नेवासे घ्या. शके १२१२ मध्ये तिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढं तीनशे वर्षं लोक हातानं नकला करीत राहिले. त्या नकलांत चुका शिरल्या, म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. 'आधी सच्चिदानंदबाबांच्या वारसांची लेखी संमती आणा, तीन प्रतींत' असं त्यांना कुणी म्हणालं नाही. म्हणून ज्ञानेश्वरी आज आपल्या हातात आहे.

"ज्ञानेश्वरी आणि हे माकडचाळे?" हेडमास्तरांनी कप खाली ठेवला.

मी दोन्ही कान धरले. बरोबरी ग्रंथाशी नाही, नकलेशी आहे. थोर ग्रंथालाही नकलेवाचून तरणोपाय नव्हता, तिथं बिचाऱ्या राजपुत्राची काय कथा?

राहता राहिली चोरी. आता नेवासे तालुक्यात आलोच आहोत तर शनिशिंगणापूरलाही जाऊन येऊ. घरांना कुलूप न लावण्याची तिथली परंपरा साऱ्या देशाला माहीत आहे. २०११ साली तिथं युको बँकेची शाखा निघाली, तीसुद्धा कुलपाशिवायची म्हणून गाजली. सगळ्या जगानं शिंगणापूर व्हावं असं मी म्हणत नाही. मी स्वतः रात्री दोनदा उठून कडी पाहतो. पण कुलूप कुठं लावायचं याचं काही तारतम्य? ज्या दुकानातला मालच मालकानं विकायचा सोडला, ज्या दुकानाचा पत्ता मालकाला सांगता येत नाही, त्याच्या ओसाड दारावरही कुलूप?

कुलपाची एक गंमत प्रिन्समध्येच होती. डॉसच्या खेळात पहिला मजला संपला की राजपुत्र बाटल्यांच्या खोलीत यायचा. प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. विकत घेतलेल्या खेळाबरोबर जे पुस्तक मिळे, त्यातल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि ती बाटली प्यायची. चुकलं की राजपुत्राला इजा. म्हणजे ज्यानं रीतसर पैसे मोजले त्यानं तहानलेल्या राजपुत्राला ताटकळत ठेवून पानं उलटायची! आमच्या कॅशियरनं ती सगळी अक्षरं कुणाच्या तरी पुस्तकातून ऑफिसच्या जुन्या रोजकीर्दीच्या मागच्या पानांवर उतरवून आणली होती, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. ही चोरी होती. १९९३ साली तो खेळ बाजारात होता आणि आम्ही पैसे द्यायला हवे होते. कॅशियरच्या वतीनंही मी हे कबूल करतो. आजही जो खेळ विकला जातो तो विकतच घ्यावा. लिहिणाऱ्याच्या घरीही गॅस संपतो. माझा वाद फक्त त्या ८७ टक्क्यांपुरता आहे, जे कुणी विकत नाही आणि कुणी खेळूही देत नाही.

आणि आता मोठ्या खुर्चीकडे वळतो. अमेरिकेतल्या अशाच काही संस्थांनी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाकडे अर्ज केला होता. ग्रंथालयांनी जपलेले, बाजारात न मिळणारे खेळ अभ्यासकांना घरबसल्या उघडता यावेत, एवढीच मागणी. ग्रंथालयाच्या इमारतीत जाऊन पाहायला हरकत नव्हती. घरी बसून नको! २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अर्ज फेटाळला गेला. त्यामागचं एक कारण वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. असे खेळ लोक करमणुकीसाठी वापरतील असा मोठा धोका आहे म्हणे!

करमणुकीचा धोका! वाचकहो, हा शब्दप्रयोग एकदा मनाशी घोळवून पाहा. आमच्या नगरचं जिल्हा वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून पुस्तकं नेतात. उद्या तिथल्या काउंटरवर विचारलं तर? "ही विनोदी कादंबरी कशाला हवी? अभ्यासाला? मग लिहून द्या, की वाचताना हसणार नाही. स्मित आलं तर दोन रुपये दंड. घरी नेता येणार नाही. इथंच बसा, या शिपायाच्या नजरेसमोर." अहो, खेळ करमणुकीसाठी खेळतील हा धोका असेल तर लाडू गोड म्हणून खातील हाही धोकाच आहे. न खेळता खेळाचा अभ्यास करणारा माणूस मला दाखवा; न पोहता विहिरीचा अभ्यास करणाऱ्याशेजारी त्याला बसवू.

खेळ घरबसल्या ब्राउझरमध्ये आणायचा आणखी एक मार्ग कंपन्यांनी काढून पाहिला, तो न्यायानं सांगायला हवा. खेळ चालतो कंपनीच्या दूरच्या यंत्रावर. आपल्या खिडकीत येतं ते नुसतं त्याचं हलतं चित्र. गूगलनं 'स्टेडिया' या नावानं हा उद्योग २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू केला आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केला. खेळांचे पैसे त्यांनी परत केले, याबद्दल कौतुक आहे. पण भाड्याच्या घरात लावलेली जाई मालकानं उपटली आणि रोपाचे पैसे हातावर ठेवले, तर आपण जे ओंजळभर गमावतो त्याची पावती कुठल्या खात्यात फाडायची?

माझी मागणी साधी आहे. खेळ विकायचा थांबवलात ना? मग ग्रंथालयांना तो जपू द्या, आणि वाचकाला घरी बसून ब्राउझरमध्ये उघडू द्या. पुन्हा विकायला काढाल त्या दिवशी आम्ही खिडकी लावून घेऊ.

हे मी इतक्या पोटतिडकीनं का सांगतो, त्याला कारण राजपुत्र नाही. त्याला वडिलांचं खोकं होतं, जाणकार होते, अर्काइव्ह होतं. पण त्याच फ्लॉपीवर दुसरा एक खेळ होता. आमच्या कॅशियरनं स्वतः बेसिकमध्ये लिहिलेली सापशिडी. प्रत्येक सापाला ऑफिसातल्या एकेका माणसाचा स्वभाव दिला होता. अठ्ठ्याण्णवावरचा साप म्हणजे मोठे साहेब. त्यानं गिळलं की खेळणारा थेट चारावर, आणि पडद्यावर रोमन अक्षरांत उमटायचं, 'बदली : जामखेड'. एकदा खुद्द मोठे साहेब तो खेळ खेळले, गिळले गेले आणि खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. त्यांना साप कळला नव्हता. का कळला होता, देव जाणे. कॅशियरची बदली पुढं खरोखरच झाली, आणि जामखेडलाच झाली.

२०१९ साली कॅशियर गेला. वहिनींनी माळ्यावरचा डालड्याचा डबा माझ्याकडे दिला. आत ती फ्लॉपी होती, आणि लेबलावर त्याचं ते समास सोडलेलं अक्षर. सावेडीतल्या एका दुरुस्तीवाल्या पोरानं ती उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, बुरशी लागलीय. काही वाचता येणार नाही." त्या खेळाला बहुरूपी मिळाला असता हो. बेसिकही आता ब्राउझरमध्ये चालतं. पण सोंग घ्यायला मूळ हुकूम तर हवेत! कुणी नक्कल केली नव्हती. मीसुद्धा नाही. तीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. सापांची नावं मला आठवतात; त्यांची चाल आठवत नाही.

म्हणून तुमच्या माळ्यावर असले डबे असतील तर ते या आठवड्यात खाली काढा. रद्दीवाल्याआधी घरातल्या पोराला दाखवा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी खेळायला बसलो. उड्या नातवानं मारल्या, सूचना मी दिल्या. ऑफिसातही कामाची वाटणी अशीच होती. हेडमास्तर "मी नुसता बसतो" म्हणून बसले. बाराव्या मजल्यावर सावली तलवार घेऊन उभी राहिली. नातवानं तलवार उपसली. मी त्याचा हात धरला आणि खालच्या बाणाची कळ दाबली. राजपुत्रानं तलवार म्यान केली. सावलीनंही केली. दोघं एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले.

कॅशियरचं बरोबर होतं. तीस वर्षं उशिरा कळलं, एवढंच.

"पुढं?" हेडमास्तर म्हणाले.

पुढं वजीर होता, वेळ थोडा होता, आणि लाइट गेली. घर अंधारलं. कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीचे दिवे विझले. आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. पण लॅपटॉपला बॅटरी होती आणि खेळ सगळा आत उतरलेला होता. अंधारात तेवढी एक खिडकी उजळलेली, आणि तीत राजपुत्र धावतच होता.

अभ्यासासाठी नव्हे. संशोधनासाठी नव्हे. निव्वळ करमणुकीसाठी. गुन्हा कबूल आहे. साक्षीदार हेडमास्तर आहेत, आणि आता ते फितूर झाले आहेत.